किटलीवरचा उंट

सोलापुरात चहा गार होऊ नये म्हणून कुणी खटपट केली असं सांगितलं, तर ऐकणारा आधी सांगणाऱ्याच्या कपाळाला हात लावून बघतो. आमच्याकडे वैशाखात नळाच्या पाण्यालाही विसण लागतं. अशा गावात मी एका किटलीला लोकरीचं अंगडं विणलं आणि त्यापायी भर कीर्तनात उभी राहून ओरडले. आमच्या घराण्यात कीर्तनात ओरडलेली मी पहिलीच बाई. पण कीर्तनाची शिस्त मला ठाऊक आहे. आधी नमन, मग पूर्वरंग, मग आख्यान. नमन ज्याचं त्यानं मनात करून घ्यावं. मी पूर्वरंगाला लागते.

आमच्या गल्लीत महादेवाचं देऊळ आहे. पौषात तिथं सप्ताह बसतो आणि कीर्तनाला टेंभुर्णीचे रामहरीबुवा येतात. मी लग्न होऊन सोलापुरात आले त्या वर्षीही तेच होते. माहेरची आठवण आली की बाकीच्या नव्या नवऱ्या चुलीपुढे डोळे पुसत. मी देवळातल्या बायकांच्या खांबाला टेकून बुवांचं आख्यान ऐकायची. कृष्ण मथुरेला निघाला की पोटभर रडून घ्यायची. घरी येईपर्यंत मन स्वच्छ. सासूबाई म्हणायच्या, सून रडत नाही, गुणी आहे.

तर या बुवांचा आवाज म्हणजे मंदिराच्या कळसाला लागणारा. पण बहात्तरच्या दुष्काळात ते खडी फोडायच्या कामांवर जाऊन कीर्तनं करत. उघडं माळरान, माइक नाही, समोर दमलेली माणसं आणि हवेत दगडाचा भुगा. लोकांच्या पोटात काही गेलं नव्हतं, कानात तरी जावं, म्हणायचे. त्या भुग्यानं गळा गेला तो गेलाच. गेल्या वर्षी सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी बुवांनी चिपळ्या उचलल्या, तोंड उघडलं आणि आतून नुसतं वारं आलं.

या वर्षी सप्ताहाआधी मंडळाची बैठक झाली. आमच्या शेजारचे सिद्रामप्पा मंडळाचे अध्यक्ष आणि त्यांचा मुलगा विरुपाक्ष चिटणीस. तो बँकेत लागल्यापासून देवाशीसुद्धा काउंटरपलीकडून बोलल्यासारखं बोलायचा.

"काकू, भावना आपल्या जागी," तो मला म्हणाला. "पण लोक ऐकायला येतात. पुण्याकडचे एक बुवा आहेत. स्वतःचा माइक आणतात. रंगीत दिवेपण आहेत त्यांच्याकडे."

"कीर्तनात रंगीत दिवे कशाला रे?"

"नरसिंह प्रकटला की लाल लागतो."

शेवटी ठरलं असं, की यंदा रामहरीबुवाच. मात्र यंदाही गळा बसला तर पुढच्या वर्षीपासून लाल दिवेवाले. सिद्रामप्पा मान खाली घालून म्हणाले, "काय करणार अक्का, देऊळ सगळ्यांचं हाय की." त्यांनाही वाईट वाटत होतं. पण अध्यक्ष झालेल्या माणसाला आपलं वाईट वाटणं बहुमतानं मंजूर करून घ्यावं लागतं.

आता बुवांच्या गळ्याला एकच औषध चालायचं. पूर्वरंग आणि आख्यान यांच्या मध्ये, लोक नामघोष करत असताना, आल्याचा कडकडीत चहा. दरवर्षी देवळापुढच्या मंडपामागे स्टो पेटवून मी तो करायची. यंदा मंडपाची परवानगी देणाऱ्या कचेरीनं नवा नियम काढला, मंडपात विस्तव नको. मी अर्ज केला. तिथला साहेब म्हणाला, बंबवाल्यांची हरकत नाही असं लिहून आणा. बंबवाले म्हणाले, "आग लागली की आमचं काम सुरू होतं बाई. त्याच्या आधीचं आमच्याकडं नसतंय." मी आमच्या ह्यांना म्हटलं, तुम्ही एवढे सरकारी नोकर, काही करा. हे म्हणाले, "मी पाटबंधाऱ्यात. आमच्याकडे पाणी असतं. विस्तवाचं खातं वेगळं."

घरून चहा आणावा तर आमचं घर गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यात बुवांचा पूर्वरंग कधी संपेल हे महादेवालाही सांगता यायचं नाही. म्हणजे कीर्तन सुरू व्हायच्या आधीच किटली आणून ठेवायची. पौषाचं वारं मंडपातून आरपार. चहाचं सरबत. तुम्ही म्हणाल, थर्मास? गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी स्टो बिघडला तेव्हा तोही करून पाहिला. बुवांनी तो उपरण्याखाली झाकला आणि मला हळूच म्हणाले, "मथुराताई, राग मानू नका. बाटलीतलं मी लोकांसमोर घेत नाही. पुढच्या रांगेला कळतं आत चहा आहे. मागच्या रांगेला फक्त बुवा बाटली उलटी करताना दिसतो."

अशा पेचात असताना पुण्याच्या नणंदेनं विसरून ठेवलेलं विणकामाचं इंग्रजी मासिक माझ्या हाती आलं. त्यात एक गुबगुबीत लोकरीची कोंबडी किटलीवर बसली होती. ह्यांनी खालची ओळ वाचून सांगितली, "याला टी-कोझी म्हणतात. चहापात्र-आच्छादन. प्रयोजन, उष्णता टिकवणे."

मला एकदम महादेवच पावला. साधी टोपी विणून किटलीवर घातली असती तर ही कथा इथंच संपली असती. पण ते चित्र डोक्यात बसलं. बुवा वर्षातून एकदा येणार, त्यांच्यासाठी काहीतरी बघितल्यावर हसू येईल असं करावं. प्राणी करायचा हे पक्कं झालं. फक्त कोंबडी देवळात कशी न्यायची?

हाच प्रश्न मी शेजारच्या शरणम्माला, म्हणजे सिद्रामप्पांच्या बायकोला, विचारला. ती कडक भाकरी थापता थापता म्हणाली, "यव्वा! सप्त्यात कोंबडी? दुसरं काय पण करा."

"हत्ती करते. तोटीची सोंड होईल."

"गणपतीच्या सोंडेतून च्या वतनार?"

खरंच की. मग आम्ही दोघी एकेक जनावर घेऊन बसलो आणि माझ्या लक्षात आलं, की आपल्या धर्मात मोकळं जनावरच नाही. उंदीर गणपतीचा. मोर सरस्वतीचा. घुबड लक्ष्मीचं. कुत्री दत्ताभोवती. घोडा खंडोबाचा, वाघ देवीचा, गाढव शीतलामातेचं, ससा चंद्रावर जाऊन बसलेला. मासा, कासव आणि डुक्कर हे तर साक्षात अवतार. रेडा यमाचा, आणि रेड्यावरून आलेला चहा कोण पिईल? मेंढा अग्नीचा. तो किटलीला शोभला असता, पण अग्नीचीच तर परवानगी मिळाली नव्हती.

"आणि एक सांगते अक्का," शरणम्मा पिठाचं बोट वर करून म्हणाली. "काय पण करा. नंदी तेवढा ब्याडा. आमचं घर शिवाचं. नंदीच्या तोंडातून च्या पडला तर आमचे हे अन्न सोडतील. तुमच्याशी बोलायचं पण सोडतील."

मी कानाला हात लावले. नंदी नाही म्हणजे नाही.

रात्रीच्या जेवणाला हे सगळं ऐकून हे म्हणाले, "आपल्याकडे एकही प्राणी रिकामा नाही. सगळे कुठल्या ना कुठल्या देवाकडे डेप्युटेशनवर." मग ताक पिऊन झाल्यावर म्हणाले, "उंट?"

मी घास हातात धरून बसले. उंट! मी सगळ्या पोथ्या, सगळी आख्यानं, बुवांची इतक्या वर्षांची कीर्तनं आठवून पाहिली. उंटावर कुणीसुद्धा बसलेलं नाही. शिवाय तोटी ही मान, झाकणाची गोंडी ही पाठीवरची मदार. देवानं किटली बघूनच उंट केला असावा. लग्नानंतर प्रथमच मला ह्यांचा अभिमान वाटला.

इथं लोकरीचं विघ्न आलं. सात रस्त्यावरच्या दुकानदारानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "बाई, सोलापुरात येऊन लोकर मागताय? टॉवेल मागा, चादर मागा." त्याच्याकडे बाळंतविड्याची गुलाबी लोकर तेवढी उरलेली. आता गुलाबी उंट म्हटल्यावर मारवाडातले लोक काय म्हणतील? मी रिकाम्या हातानं परत आले आणि दारात गोजाबाई भेटली. ती मंद्रूपहून आमच्या गल्लीत भाजी घेऊन येते.

"लोकर व्हय? आमच्या बाजारला या की," ती म्हणाली. "धनगर घोंगडीचं सूत घिऊन बसत्यात. लई ऊब. मेंढरू काय थंडीत सोटर घालतंय?"

पुढच्या बाजाराला तिनंच सूत आणून दिलं. काळंभोर, काथ्यासारखं ताठ आणि मेंढराचा वास मारणारं. मी म्हटलं, "गोजाबाई, उंट काळा असतो का गं?"

"म्या कुटं बगितलाय उंट. पर उन्हातान्हात फिरतंय म्हंता न्हवं? मग काळंच पडत आसंल की."

हे पटलं. आमच्या गल्लीतल्या माणसांवरून तरी ते खरंच होतं.

त्या सुतापुढे सुया वाकल्या. मग छत्रीच्या काड्या घासून घेतल्या. आता या उंटाची घडण कशी झाली ते मी प्रामाणिकपणे सांगते. उंट मी उभाच योजला होता, पण चारही पाय लुळे पडून किटलीखाली दुमडले. म्हटलं, बसलेला उंट. दमतो तोही. किटलीची तोटी आखूड, म्हणून मानही आखूड झाली. मदार मात्र झाकणाच्या गोंडीवर छान उठली. कान विणले चिमुकले, पण सूत ताठ, म्हणून ते डोक्यावर टोकदार उभे राहिले. खाली वळवले की पुन्हा उभे. शेवटी बटणांचे डोळे लावून मी उंट ह्यांच्यापुढे ठेवला.

ह्यांनी चष्मा पुसला. पुन्हा लावला. म्हणाले, "ओळखू येतो."

मी एवढी खूष झाले, की काय ओळखू येतो हे विचारायचं राहून गेलं.

या सगळ्यात सप्ताह सुरूसुद्धा झाला होता. पहिल्या दिवशी चहा कोमट पोचला, दुसऱ्या दिवशी गार. बुवांनी दोन्ही दिवस तक्रार न करता घेतला, पण दुसऱ्या दिवशीची आरती त्यांनी नुसते ओठ हलवून म्हटली. तिसऱ्या दिवशी दुपारी शरणम्मा निरोप घेऊन आली, की विरुपाक्षनं पुण्याच्या बुवांचा पत्ता शोधून ठेवलाय. त्याच दुपारी माझा शेवटचा टाका पडला.

दिवेलागणीला मी आल्याचा चहा उकळून किटलीत ओतला, वर उंट चढवला आणि किटली ह्यांच्या हाती दिली. "गाभाऱ्याजवळच्या स्टुलावर ठेवा. तोटी माणसांकडे नको, कुणाचा धक्का लागेल." एवढंच मी सांगितलं. ते पुरुषांच्या बाजूनं गेले, मी बायकांच्या बाजूनं जाऊन माझ्या खांबाला टेकले. गर्दीत मला स्टूल दिसत नव्हतं. बुवांचा आवाज तेवढा ऐकू येत होता आणि तो ऐकवत नव्हता. अभंगाचा पहिला चरण ते म्हणत, दुसरा टाळकरी सावरून घेत. विरुपाक्ष खांबापाशी हाताची घडी घालून उभा होता. मी मनात म्हटलं, महादेवा, तू विष पचवलंस, या गरिबाला घोटभर चहा मिळू दे.

पूर्वरंग संपला. नामघोष सुरू झाला. सिद्रामप्पा हार घेऊन उठले. मी मान उंच केली, की आता हे कपात चहा ओततील.

पण सिद्रामप्पांचे पाय स्टुलापाशी थांबले.

त्यांच्या जागी उभं राहून बघा. महादेवाचं देऊळ. गाभाऱ्यासमोर स्टूल. त्यावर पिंडीकडे तोंड करून, पाय दुमडून बसलेलं काळं जनावर. आखूड मान. पाठीवर वशिंड. डोक्यावर उभी दोन टोकं. सिद्रामप्पांनी हार खांद्यावर टाकला आणि दोन्ही हात जोडले.

"काय देखणा नंदी केलाय ओ," ते गहिवरून म्हणाले. गाभाऱ्यातलं भस्म आणून त्यांनी माझ्या उंटाच्या कपाळावर तीन बोटं ओढली. मदारीवर फूल ठेवलं. लगेच मागून म्हाळसाबाई पुढे सरकल्या. त्या गल्लीतल्या सगळ्यांत वृद्ध आणि दृष्टीनं अधू. त्यांनी तोंड जवळ नेलं आणि किंचाळल्या, "अगं बाई, श्वास घेतोय! वाफ येतीय तोंडातनं!"

"वास पण गोठ्याचा येतोय," कुणीतरी भक्तीनं म्हणालं. ऊन झालेलं मेंढराचं सूत, दुसरा कसला वास येणार?

मग काय विचारता! रांगच लागली. बायका पदर सावरत, पुरुष टोप्या काढत. आमचे हे कप हातात घेऊन स्टुलाशेजारी उभे. नंतर त्यांनी खुलासा दिला, "मी फक्त पोचवणारा होतो. निर्णयाचा अधिकार मला नव्हता." विरुपाक्षलासुद्धा बुवांची दया आली असावी, त्यानं किटलीला हात घातला. सिद्रामप्पांनी तो हात तिथंच फटकन मारला. "आंघोळ केलायस का रे? नंदी वाकडा करतोय, चहा पिण्यासाठी?"

आणि बुवा. ते गळ्यावर हात ठेवून उभे होते. किटलीकडे बघत, मग रांगेकडे बघत आणि रांगेतल्या प्रत्येकाला मान डोलावत. काही मागायची त्यांना सवयच नव्हती. नामघोष दमत चालला. आता टाळ थांबले की बुवांना त्याच कोरड्या गळ्यानं आख्यान लावावं लागणार, आणि तिसऱ्या दिवशी गळा बसणार, आणि पुढच्या पौषात आमच्या देवळात नरसिंहाला लाल दिवा लागणार.

बोललं तर सिद्रामप्पा मला जन्मात क्षमा करणार नाहीत. शरणम्मानं बोट उगारून सांगितलं होतं. न बोललं तर बुवा गेले. मी खांब सोडला आणि उभी राहिले.

"अहो, तो नंदी नाही! उंट आहे! माझा उंट आहे तो!"

टाळ थांबले. सगळं देऊळ माझ्याकडे वळलं. शरणम्मानं कपाळावर हात मारला.

"उंट?" सिद्रामप्पा म्हणाले. त्यांनी स्टुलाकडे बघितलं, बोटांवरच्या भस्माकडे बघितलं. "आनि मी नमस्कार केलो की त्याला!"

एवढ्या माणसांत मोठ्या माणसाचं हसं व्हायची वेळ. मागं कुणीतरी फिस्सकन हसलंही. तेवढ्यात बुवा पुढे आले. आवाज नव्हताच, पण ते अगदी पुटपुटले तरी देवळात ऐकू जायचं.

"सिद्रामप्पा, तुमचा नमस्कार योग्य जागी गेला. देवांनी वाहनं वाटून घेतली ना, त्या दिवशी सगळी जनावरं कैलासावर गेली. हा एकटा गेला नाही. वाळवंटात तहानलेले लोक होते, त्यांना पाणी पोचवत होता. पोचला तेव्हा देव संपले होते. महादेव म्हणाले, तुला देव नाही मिळाला, पण तू पाणी वाहशील तिथं मी आहे." बुवांनी खोकला दाबला. "याला आजवर कुणी हात जोडले नव्हते. आज तुम्ही जोडलेत. आता त्याच्या पाठीवर माझ्यासाठी घोटभर आहे म्हणतात. द्याल का?"

ही कथा कुठल्याच पुराणात नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. सिद्रामप्पांनाही असणार. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग मदारीवरचं फूल उचलून डोळ्यांना लावलं, दंडावर सदरा सारला आणि म्हणाले, "उंट तर उंट. भस्म मी लावलोय. आता मीच वतणार."

किटली वाकली. आणि वाफेचा असा लोट उठला, की सिद्रामप्पांचा चष्मा पांढरा झाला! इतका वेळ पूर्वरंग, भस्म, फुलं, रांग, माझं ओरडणं, एवढं सगळं होऊनही त्या मेंढराच्या सुतानं चहा चुलीवरून उतरल्यासारखा ठेवला होता. बुवांना वाटलं गेल्या दोन दिवसांसारखाच असेल. त्यांनी मोठा घोट घेतला.

"हाऽऽऽय!"

तो स्वर वरच्या षड्जाला जाऊन भिडला. जीभ पोळली होती हे खरं, पण स्वर स्वच्छ होता. तबलजीनं सवयीनं सम दिली. पेटीवाल्यानं सूर धरला. बुवा चकित होऊन स्वतःच्या गळ्याला हात लावून बघायला लागले. मग फुंकर घालत घालत उरलेला कप त्यांनी संपवला, दुसराही घेतला आणि योजलेलं आख्यान बाजूला ठेवून उंटाचंच आख्यान लावलं. पाण्याचं, तहानेचं, माळरानावर खडी फोडणाऱ्यांचं. मी खांबाला टेकून नव्या नवरीसारखी रडले. आरतीला बुवांचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

घरी जाताना शरणम्मा बरोबर होती. तिनं आधी मागं कुणी नाही ना बघितलं. मग म्हणाली, "कान वाईच उभे झाले अक्का."

"सूत ताठ होतं गं."

"तर तर. आमचे हे दोनदा जेवतो म्हणाले आज." आणि आम्ही दोघी गल्लीच्या मध्ये उभ्या राहून पोट धरून हसलो. छातीवरचा धोंडा उतरला की हसूच येतं, दुसरं काय करणार?

ह्यांना मी रागानं विचारलं, "ओळखू येतो म्हणालात ना?"

"आलाच की. सगळ्या गावानं ओळखला," हे म्हणाले.

उरलेले दिवस किटली रोज सिद्रामप्पा स्वतः घेऊन जायचे. अंघोळ करून. विरुपाक्षनं पुढच्या सप्ताहाचं आमंत्रण बुवांना काल्याच्या कीर्तनानंतर देवळातच दिलं. मला म्हणाला, "काकू, त्या बुवांकडे उंट नव्हता ना."

बुवांना पोचवायला आम्ही सगळे एस. टी. स्टँडवर गेलो. मी उंट धुऊन, वाळवून फडक्यात बांधून दिला होता. टेंभुर्णीच्या गाडीत खिडकीची काच नव्हती आणि पहाटेचं वारं बोचत होतं. बुवांनी फडकं सोडलं, उंट उलटसुलट करून पाहिला आणि सरळ डोक्यावर कानांपर्यंत ओढून घेतला. "ताई, किटलीपेक्षा माझंच टाळकं जास्त गार पडतं," ते खिडकीतून म्हणाले. मदार बरोबर टाळूवर बसली होती आणि आखूड मान कपाळावर डोलत होती.

गाडी हलली. सिद्रामप्पांनी दोन्ही हात जोडले आणि ती वळेपर्यंत तसेच उभे राहिले. नमस्कार बुवांना होता की उंटाला, हे मी विचारलं नाही.